सुई टाळा, कसोटी टाळू नका

मनगटी घड्याळात रक्तातली साखर दिसते, बोट टोचायची गरजच नाही, अशा जाहिराती आता ऑनलाइन दुकानांत सर्रास दिसतात. दोन-तीन हजारांत हृदयाचे ठोके, रक्तदाब, ऑक्सिजन आणि वर शुगर. त्यावरून होणारा वादही ठरलेला असतो. एक बाजू म्हणते, हे तंत्र केव्हाच तयार आहे, रक्ताचा थेंब तपासायच्या स्ट्रिप विकणाऱ्या कंपन्यांनी ते दाबून ठेवलंय. दुसरी म्हणते, कातडीवर उजेड पाडून साखर मोजणं हे थोतांड आहे, असलं काही कधीच होणार नाही. पहिल्या बाजूकडे पुरावा नाही आणि दुसरीला इतिहास माहीत नाही. या भांडणात खरा प्रश्न बाजूलाच पडतो: जो आकडा पाहून माणूस इन्सुलिन टोचून घेणार, तो आकडा कुणी, कुणाच्या अंगावर आणि कशाशी ताडून पाहिला? माझं मत आधीच सांगते. प्रकाशाने साखर मोजता येते आणि त्या संशोधनाला सरकारने सढळ हाताने पैसा द्यावा. पण आपल्याकडच्या माणसांवर, आपल्या वर्णाच्या कातडीवर झालेल्या जाहीर चाचणीत उतरल्याशिवाय साखरेचा आकडा दाखवणारं एकही उपकरण विकू देऊ नये. ‘वेलनेस’चं लेबल लावून आलेलं तर मुळीच नाही.

थोतांड म्हणणाऱ्यांना आधी उत्तर देते. घरोघरी पोचलेल्या ग्लुकोमीटरचा पूर्वज प्रकाशावरच चालायचा. अमेरिकेतल्या एम्स कंपनीने १९६५ च्या सुमारास डेक्स्ट्रोस्टिक्स नावाची पट्टी आणली. तिच्यावर रक्ताचा थेंब ठेवायचा, मिनिटभर थांबायचं, पट्टी पाण्याने धुवायची आणि निळा रंग किती गडद आला ते तक्त्याशी जुळवून बघायचं. डोळ्यांचा अंदाज माणसागणिक बदलतो, म्हणून अँटन क्लेमेन्स यांनी पट्टीवर उजेड टाकून परतलेला उजेड मोजणारं यंत्र बनवलं. १९७० च्या सुमारास आलेलं ते यंत्र किलोभराहून जड होतं आणि फक्त डॉक्टरांना मिळायचं. रिचर्ड बर्नस्टीन हे मधुमेही अभियंते. त्यांनी डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावावर ते विकत घेतलं, दिवसातून अनेकदा स्वतःचं रक्त तपासलं, वर्षानुवर्षं न आवरणारी साखर आटोक्यात आणली आणि पुढे स्वतःही डॉक्टर झाले. घरच्या घरी शुगर बघायची आजची सवय अशा माणसांच्या हट्टातून आली आहे. अगदी आजचं उदाहरण हवं असेल तर एव्हरसेन्स घ्या. दंडाच्या कातडीखाली बसवायची, दोन सेंटिमीटरहून कमी लांबीची नळी. आत एक इवला दिवा आणि साखरेचा रेणू चिकटला की चमकणारं रसायन. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ मध्ये तिला नव्वद दिवसांसाठी आणि २०२४ मध्ये नव्या आवृत्तीला वर्षभरासाठी मान्यता दिली. तिलाही अधूनमधून बोट टोचून पडताळावं लागतं. टेट्रासायक्लीन गटातलं प्रतिजैविक चालू असेल तर ती खोटाच कमी आकडा दाखवू शकते, हे कंपनीला पत्रकात छापावं लागतं. ही छापील कबुली लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

मग अडचण कुठे आहे? कातडीच्या बाहेरून आत बघण्यात. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तात साखर साधारण एक ग्रॅम असते. म्हणजे अंगातल्या पाचेक लिटर रक्तात मिळून जेमतेम चमचाभर. त्याच एका लिटरात हिमोग्लोबिन मात्र सव्वाशे ते दीडशे ग्रॅम, आणि तेही रंगीत. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन लाल उजेड कमी शोषतं, न धरलेलं जास्त. अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालच्या पलीकडच्या उजेडात हे उलटं होतं. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ च्या सुमारास, नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा उजेड तेवढाच वेगळा काढायची युक्ती शोधली आणि पल्स ऑक्सिमीटर शक्य झाला. साखरेला रंगच नाही. तिच्या खुणा अवरक्त पट्ट्यात सापडतात, पण फिकट, आणि नेमक्या तिथेच पाणी, चरबी आणि प्रथिनांच्या खुणा तिच्यावर चढलेल्या असतात. कातडीचं तापमान थोडं बदललं की पाण्याचं शोषण बदलतं आणि तेवढ्यात साखरेची खूण बुडून जाते. वरातीच्या बँडमध्ये कुणाची कुजबुज ऐकावी, तसं हे काम आहे. घड्याळातला ठोके मोजणारा हिरवा दिवा तर ज्या रंगाचा आहे, तिथे साखरेची वाचता येईल अशी खूणच नसते. मग त्या घड्याळात दिसणारा आकडा अंदाजाशिवाय दुसऱ्या कशातून येणार?

तरी प्रयोगशाळेत वाटा सापडताहेत. त्यातली एक आपल्याच देशात उघडली. चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जो परिणाम टिपला, त्यात पदार्थावर पडलेल्या उजेडाचा एक अतिसूक्ष्म भाग रंग बदलून परततो, आणि त्या बदलात प्रत्येक रेणूची स्वतःची ओळख असते. अमेरिकेतलं एमआयटी विद्यापीठ आणि सॅमसंग कंपनी यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये जिवंत डुकरांच्या कातडीतून साखरेची ही ओळख थेट टिपल्याचं प्रसिद्ध केलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत लेझरचा उजेड ऊतकात शोषला गेल्यावर उठणारा सूक्ष्म ध्वनी ऐकून साखर ओळखायचं काम चाललंय. त्यांची सुरुवातीची मानवी चाचणी एका निरोगी व्यक्तीवर, जेवणाआधी आणि जेवणानंतर झाली, आणि ती तेवढीच आहे हे त्यांनी सांगितलं. या लोकांना थोतांडवाले म्हणणं हा अन्याय आहे. पण त्यांच्या कामाचा दाखला देऊन दोन हजारांचं घड्याळ खपवणं हा त्याहून मोठा अन्याय आहे.

दाबून ठेवल्याच्या गोष्टीचं काय? दाबायला कुणाला परवडेल? सुईविना साखर मोजायचं ज्याला जमेल, त्याच्या दारात जगभरचे कोट्यवधी मधुमेही रांग लावतील. गुगलच्या आरोग्य विभागाने नोव्हार्टिसबरोबर २०१४ मध्ये अश्रूंतली साखर मोजणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सचा गाजावाजा केला आणि २०१८ मध्ये ते काम थांबवलं, कारण अश्रूंतली साखर रक्तातल्या साखरेशी भरवशाने जुळेना. कातडीतून सौम्य विद्युतप्रवाह सोडणारं ग्लुकोवॉच एफडीएची मान्यता घेऊन २००१ मध्ये आलं. त्याने कातडी चुरचुरायची, ते जुळवायला बोट टोचावंच लागायचं, आणि काही वर्षांत ते बाजारातून गेलं. त्याआधी १९९६ मध्ये हात आत ठेवून अवरक्त प्रकाशाने साखर वाचणाऱ्या डायसेन्सर नावाच्या यंत्राला एफडीएच्या सल्लागार समितीने पुरावा अपुरा म्हणून नकार दिला होता. पैसा, बुद्धी आणि हाव, तिन्ही ओतून झालं. काम अवघड आहे, एवढंच याचं स्पष्टीकरण आहे.

अवघडपणापेक्षा मला जास्त भीती वाटते ती या क्षेत्रात स्वतःची फसगत किती सहज होते याची. आयोवा विद्यापीठातल्या मार्क आर्नल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मानवी कातडीचे कृत्रिम वर्णपट, म्हणजे कुठल्या रंगाचा उजेड किती शोषला जातो याचे आलेख, तयार केले. त्यांत साखर घातलीच नव्हती. तरीही साखरेच्या आकड्यांशी छान जुळणारं गणित त्यांना त्यातून बसवता आलं. असं का व्हावं? ग्लुकोजचं पाणी पाजून केलेल्या तपासणीत साखर दोन-तीन तासांत चढते आणि उतरते. त्याच वेळात कातडीचं तापमान सरकत असतं, उपकरणाचा दाब बदलत असतो, दिवा तापत असतो. यातलं काहीही साखरेच्या चढउतारासारखं वळलं की गणित त्यालाच साखर समजून बसतं. म्हणजे प्रामाणिक शास्त्रज्ञालासुद्धा नसलेली साखर दिसू शकते. मग विक्रीची घाई असलेल्या माणसाचं काय होईल?

आता ‘पंच्याण्णव टक्के अचूक’ हा दावा तपासू. निरोगी माणसाची शुगर दिवसभर साधारण ८० ते १४० एमजी/डीएलच्या (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात तेवढे मिलिग्रॅम) दरम्यान फिरते. समजा मी एक डबी बनवली. तिच्यात काहीच नाही, फक्त पडद्यावर कायम ११० लिहिलेलं. निरोगी माणसाच्या मनगटावर ही डबी कधीही तीसहून जास्त चुकणार नाही आणि बऱ्याचदा दहा-पंधराच्या आत असेल. आकड्यात दर वेळी चार-पाचाची फिरवाफिरव केली तर ती जिवंतही वाटेल. आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या घड्याळाचं मी हेच पाहिलं. गणपतीत दोन मोदक खाल्ल्यावर घड्याळ ११७ दाखवत होतं आणि शेजारी ठेवलेला साधा ग्लुकोमीटर २४६. काका घड्याळावर खूश होते. असं उपकरण उघडं पडतं ते ५० ला आणि ३०० ला, म्हणजे नेमकं जिथे माणसाला त्याची गरज असते. म्हणून निरोगी माणसांवरची अचूकता सांगणाऱ्या कुठल्याही पत्रकाची किंमत माझ्या लेखी शून्य आहे.

विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र यंत्राचा नाही, वेदनेचा आणि पैशाचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. टाइप १ मधुमेह असलेल्या, म्हणजे अंगात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा मुलाला दिवसातून चार-सहा वेळा बोट टोचावं लागतं. आई बोट चोळून गरम करते, टोकाला न टोचता कडेला टोचते कारण तिथे कमी दुखतं, पहिला थेंब कापसाने पुसते, दुसरा पट्टीच्या तोंडाला लावते. थेंब पुरला नाही की पट्टी वाया आणि पुन्हा टोचणं. वर्षभरात बोटांच्या कडा राठ होतात. एक स्ट्रिप साधारण पंधरा ते पंचवीस रुपयांना पडते. दिवसाला चार धरल्या तर महिन्याचे दोन-अडीच हजार होतात, इन्सुलिन वेगळं. दंडावर चिकटवायचे, साखर मोजत राहणारे चौदा दिवसांचे सेन्सर आहेत, पण ते कुणाला परवडतात? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यातले असंख्य लोक महिनोन्‌महिने शुगर बघत नाहीत. अशा वेळी कुणी म्हणालं की काहीच नसण्यापेक्षा ढोबळ आकडा बरा, तर ते ऐकून घ्यायलाच हवं.

पण खोटा आकडा हा ‘काहीच नसण्या’पेक्षा बरा नसतो. शुगर खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. यंत्र नसलेला माणूस हे ओळखतो आणि साखर तोंडात टाकतो. मनगटावर ११२ दिसत असेल तर तो आपल्या अंगावर संशय घेतो, ॲसिडिटी झाली म्हणतो आणि आडवा होतो. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या क्लार्क आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मोजणीच्या चुकांचा जो नकाशा मांडला, तो याच विचारावर उभा आहे: चूक किती अंकांची आहे यापेक्षा त्या चुकीमुळे माणूस पुढे काय करील ते बघा. १८० ऐवजी २१० दिसलं तर फार बिघडत नाही. ५५ ऐवजी ११२ दिसलं तर जीव जाऊ शकतो. इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप २ च्या माणसाला कल दिसला तरी खूप, हे मला पटतं. पण कल दाखवायलासुद्धा खरोखर साखर मोजावी लागते. आणि दुकानदार घड्याळ विकताना, तुम्ही इन्सुलिन घेता का, असं विचारतो का?

स्ट्रिप तरी कुठे अचूक आहे, असंही विचारलं जातं. नाहीच. ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार शंभराच्या खाली पंधरा अंकांची आणि शंभराच्या वर पंधरा टक्क्यांची चूक चालते, तीही शंभरातल्या पंच्याण्णव वेळांपुरती. रक्तात लाल पेशी कमी असतील तर स्ट्रिपचा आकडा सरकतो, आणि आपल्याकडे १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी असल्याचं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. फरक इतकाच, पण फार मोठा आहे: स्ट्रिपची चूक मोजलेली, छापलेली आणि डॉक्टरांना ठाऊक असलेली आहे. एव्हरसेन्सची टेट्रासायक्लीनबाबतची कबुलीही याच जातीची. ज्या उपकरणाची चूक कुणी मोजलेलीच नाही, ते स्ट्रिपहून थोडं कमी अचूक आहे असं कसं म्हणणार?

सगळीच तंत्रं सुरुवातीला ओबडधोबड असतात, तुम्ही कसोट्या लावत बसलात तर भारतीय उद्योजक उभेच राहणार नाहीत, हा पुढचा आक्षेप. इथे इन्सुलिनचाच इतिहास बघा. टोरांटोत १९२१-२२ मध्ये बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लाउड यांनी ते मिळवलं, तेव्हा प्रत्येक घाण्याची ताकद वेगळी निघायची. कालच्या मापाने टोचलं तर आज माणूस बेशुद्ध व्हायचा. संशोधकांनी पेटंट प्रत्येकी नाममात्र एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला दिलं, आणि विद्यापीठाने त्या पेटंटचा उपयोग केला तो मुख्यतः कोण कसलं इन्सुलिन विकतो यावर वचक ठेवायला. सशाची रक्तशर्करा किती उतरते यावर एकक ठरलं. राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेने १९२३ मध्ये एडिंबराला परिषद घेतली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आंतरराष्ट्रीय प्रमाण-नमुना तयार झाला. याने इन्सुलिनचा उद्योग बुडाला का? उलट, कुठल्याही देशातली कुपी उचलून डॉक्टर तेवढीच मात्रा देऊ शकले, म्हणून तो जगभर पसरला. कसोटी चुकवून पुढे गेलेल्यांचं काय झालं, त्याला थेरानोस ही अमेरिकन कंपनी साक्षी आहे. बोटातल्या दोन-चार थेंबांत शेकडो तपासण्या करण्याचं स्वप्न विकलं, यंत्र कुणाला आतून पाहू दिलं नाही, खऱ्या रुग्णांना चुकीचे अहवाल गेले, आणि २०२२ मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल दोषी ठरली. त्यानंतर रक्ताच्या थेंबावर प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांनाही लोक संशयाने बघू लागले. नियम सैल ठेवून आपण आपल्या चांगल्या संशोधकांचं असंच नुकसान करतो आहोत.

आपल्या माणसांवर चाचणी, हा माझा आग्रह काहींना भावनिक वाटेल. तो तसा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक ऑक्सिमीटर घेऊन महाराष्ट्रात दारोदार फिरले. बोटाच्या चिमट्यावरच्या आकड्यावरून कुणाला दवाखान्यात हलवायचं ते ठरत होतं. त्याच वर्षी डिसेंबरात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या रुग्णांमध्ये ऑक्सिमीटरने ऑक्सिजनची कमतरता दडवण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं. कातडीला रंग देणारं मेलॅनिन उजेड गिळतं, आणि उपकरणांचं गणित मुख्यतः गोऱ्या लोकांवर बसवलं होतं. ऑक्सिमीटर हे प्रकाशीय उपकरणांतलं सगळ्यात यशस्वी, चार दशकं वापरलेलं. त्याचं हे होतं, तर साखरेची कुजबुज ऐकणाऱ्या उपकरणाचं काय होईल? वर्ण हा एकच मुद्दाही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ चा प्रसिद्ध फोटो आठवा. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी जास्त, हे पुण्यातल्या संशोधनाने जगाला शिकवलं. चरबीची खूण साखरेच्या खुणेवर चढते हे वर आलंच आहे. मग युरोपातल्या शरीरांवर बसवलेलं गणित भोर किंवा पैठणच्या माणसावर चालेल, हे गृहीत कसं धरायचं? त्यात मे महिन्याचा घाम, शेतात रापलेले हात आणि बोटांवरची मेंदी धरा.

नीट केलं तर काय होतं, त्याचं उदाहरण नवजात शिशुकक्षात आहे. बाळाच्या कपाळावर किंवा छातीवर छोटं उपकरण टेकवून, निळसर उजेडात कातडीतलं बिलिरुबिन मोजून कावीळ बघतात. हे तंत्र जपानमध्ये १९८० च्या सुमारास आलं. बिलिरुबिन पिवळं असतं आणि कातडीत साठतं, म्हणून ते उजेडाला सापडतं. बाळाच्या वर्णाने आणि आधी दिलेल्या प्रकाशोपचाराने आकडा बदलतो हे तपासून लिहिलं गेलं, आणि वापराची हद्द ठरली: हे चाळणीसाठी, आकडा एका रेषेच्या वर गेला की रक्त काढून खात्री करायची. हजारो बाळांच्या टाचांना टोचणं त्यामुळे वाचलं. साखरेच्या उपकरणालाही अशी एखादी हद्दीतली जागा आधी मिळू शकते. पण ती हद्द आखायला आकडे लागतात.

कायदा नाही असंही नाही. एप्रिल २०२० पासून निदानासाठीची सगळी उपकरणं औषधांच्या व्याख्येत आली आहेत आणि २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम त्यांना लागू आहेत. पळवाट आहे ती बारीक अक्षरांतल्या ओळीत: ‘वैद्यकीय वापरासाठी नाही’. वर ठळक अक्षरांत शुगर आणि खाली ही ओळ. एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं की कातडी न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्ट घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, ती वापरू नका. आपल्या औषध नियंत्रकांनी तेवढंच मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये सांगावं, आणि जो एमजी/डीएल असं एकक लावून आकडा दाखवतो त्याने निदानाचाच दावा केला असं धरून कारवाई करावी. सोबत सरकारने एक काम अंगावर घ्यावं: दोन-तीन सरकारी रुग्णालयांत कायमची चाचणी-सोय. तिथे कुठलाही उद्योजक उपकरण घेऊन येईल, गडद-उजळ वर्णाचे, रक्तक्षयी, गरोदर, वृद्ध असे रुग्ण असतील, शिरेतलं रक्त प्रयोगशाळेत तपासलं जाईल, उपकरणवाल्याला ते आकडे आधी कळणार नाहीत, आणि निकाल चांगला असो वा वाईट, जाहीर होईल. लहान उद्योजकाला चाचणीचा खर्च झेपत नाही ही तक्रार खरी आहे, आणि तिचं उत्तर हे आहे.

खोक्यावर काय छापायचं तेही ठरवून टाकावं: किती मधुमेहींवर तपासलं, त्यातल्या किती नोंदी ७० च्या खालच्या आणि किती २५० च्या वरच्या होत्या, किती जणांची कातडी गडद होती, आणि ७० च्या खालच्या नोंदींपैकी किती उपकरणाच्या नजरेतून सुटल्या. हे आकडे नसतील तर शुगर हा शब्दही खोक्यावर नको. आणि या साऱ्याला पाच-दहा वर्षं लागणार असतील, तर तोवर टाइप १ च्या प्रत्येक मुलाला दिवसाच्या चार स्ट्रिप सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाव्यात. ही मागणी आजच्या आज पुरी करता येण्यासारखी आहे, तिला कुठल्याही नव्या शोधाची गरज नाही.